भांड्याला येणारी बाई

माझ्या भावाला हे माहीत नाही. नवऱ्याला माहीत नव्हतं, आणि आता तो राहिला नाही, म्हणजे तो प्रश्नही मिटला. संस्थेत तर कुणाला कल्पनाच नाही. मी निवृत्त झाले तेव्हा तिथं माझा सत्कार झाला, शाल आली, श्रीफळ आलं, आणि बोलणाऱ्या पाहुण्यांनी मला 'सगळ्या मुलींची आई' म्हटलं. मी मान खाली घालून बसले होते. लोकांना वाटलं, बाई किती साध्या, कौतुकानं लाजल्या.

तुम्हाला सांगते, कारण तुम्ही मला ओळखत नाही. ओळखीच्या माणसापुढं बोलायला गेले की मी भलतंच काहीतरी सांगत सुटते — पावसाचं, गुडघ्यांचं, सुपारीच्या भावाचं. आत्तासुद्धा तेच करीन. मला थोडा वेळ द्या.

मी केळव्याची. वाडवळांची मुलगी. घरची नारळ-सुपारीची वाडी, ती आता भाऊ बघतो. त्यानं वाडीत चार खोल्या बांधल्यात, शनिवार-रविवारी मुंबईची माणसं येऊन राहतात, समुद्रावर जातात, उकडीचे मोदक खातात आणि 'काय शांतता आहे हो' म्हणत परत जातात. मी मात्र नोकरीला लागले ती बोईसरच्या पूर्वेला, कारखान्यांचा वास जिथं संपतो त्याच्या पलीकडे. तिथं एका संस्थेचं आदिवासी मुलींचं वसतिगृह आहे. मी तिथली अधीक्षिका. मुली मला नुसतंच 'बाई' म्हणायच्या.

वसतिगृह कशासाठी, तर दसरा झाला की तिकडचे पाडे रिकामे होतात. भात निघालं की पोटाला दुसरं काही नसतं, मग माणसं वीटभट्ट्यांवर जातात, बिऱ्हाडासकट. पोर बरोबर गेलं की त्याची शाळा सुटली. एकदा सुटली की सुटलीच. आमच्याकडं पोर ठेवलं तर त्याला दोन वेळचं जेवण, शाळा आणि अंथरूण. एवढंच. पण या 'एवढ्यानं' काय होतं ते मी डोळ्यांनी पाहिलंय. ज्या मुलीला येताना जोडाक्षर येत नव्हतं ती बोईसरच्या कारखान्यात प्रयोगशाळेत बसते, एक घिवलीच्या बाजूला शाळेवर शिकवते. तेव्हा मदत ही खोटी गोष्ट असते असं मी म्हणतेय असं समजू नका. मदत खरीच होती.

वनिता आली तेव्हा तिसरीत होती. वारली. बाप ताडावरून पडून गेलेला. आई लखी, वैतरणेच्या अंगाला भट्टीवर विटा थापायची. दसऱ्यानंतर एका सकाळी पोरीला घेऊन आली, माझ्यापुढं उभी केली आणि म्हणाली, "बाई, हिला तुमच्या पदरात घातली. मारा, झोडा, पन शिकवा." मी म्हटलं, मारायला कशाला पाहिजे गं. ती हसली. पुढचे सगळे दात हसताना दिसायचे तिचे. मग गेली ती, मागं वळून न बघता. वळून बघितलं तर पोर रडतं, हे तिला ठाऊक असणार.

पोरगी हुशार निघाली. गणितात तर अशी की मास्तर फळ्यावर उदाहरण लिहून होईस्तोवर हिचं उत्तर तोंडात.

आता सामंत. हे जोडपं पार्ल्याचं, भावाच्या खोल्यांवर नेहमीचं. मुलगा परदेशात, हात सढळ, मनानं चांगली माणसं. हो, चांगलीच — या सगळ्यात त्यांना दोष द्यायची मला सोय नाही. एका रविवारी भावाच्या ओटीवर जेवणं झाल्यावर सामंतबाई म्हणाल्या, तुमच्या वसतिगृहातल्या एका मुलीचं सगळं शिक्षण आम्हाला करायचंय. नुसतं दहावीपर्यंतचं नाही. तिला जिथवर शिकायचंय तिथवर. असं कुणी म्हणतं का हो? माझ्या इतक्या वर्षांत ते एकदाच कुणी म्हटलं. मी तिथल्या तिथं वनिताचं नाव घेतलं. ते बरोबरच होतं. आजही मी तेच नाव घेईन.

मग त्यांनी सहज विचारलं, "घरी कोण कोण असतं हो तिच्या?"

आणि मी म्हटलं, "कोणी नाही."

उचलली जीभ, लावली टाळ्याला. का म्हटलं? कुणी अट घातली होती का — अनाथच पाहिजे म्हणून? छे. बाईंनी फक्त विचारलं. अट मीच मनात धरली. मला वाटलं, आई आहे म्हटलं तर यांचं मन तेवढं भरून येणार नाही. बाप गेलेला, आई सात-आठ महिने भट्टीवर. पोर अर्धी अनाथ होतीच. मी पूर्ण केली. सामंतबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि खरं सांगू? मला बरं वाटलं.

एकदा खोटं बोललं की त्याला पोसावं लागतं. मी वनिताला जवळ बोलावून सांगितलं, पाहुणे आले की आईचं नाव काढायचं नाही. "का, बाई?" मी म्हटलं, मोठं झाल्यावर कळेल. काय कळणार होतं, कप्पाळ!

दोन वर्षं निभावलं. पाहुणे पावसाळ्याआधी एकदा येत, लखी तेव्हा तिथं नसे. मग आली ती होळी.

आमच्या भागातल्या आदिवासींना होळी म्हणजे काय ते बाहेरच्याला सांगून समजत नाही. दिवाळी एक वेळ चुकेल, होळी नाही. माणूस कुठंही असो, भट्टीवर असो नाहीतर रेतीच्या होडीवर, होळीला पाड्यावर येतो. पोरांना नवे कपडे होळीला. वसतिगृहातून मुलींना न्यायला आईबाप येतात, आणि एका दिवसात सगळी इमारत रिकामी होते. हे मला माहीत नव्हतं का? माझं सगळं आयुष्य त्यात गेलेलं. तरी सामंतांनी फोन केला, की होळीच्या आदल्या शनिवारी केळव्याला येतोय, मुलींनाही भेटू, तर मी 'या की' म्हटलं. त्यांना जोडून सुट्टी होती. मग मुलींना एक दिवस धरून ठेवलं आणि आईबापांना निरोप धाडले, शनिवारी नको, रविवारी या. पाड्यांवर निरोप पोचले. भट्टीवर नाही पोचला. तिथं एकच फोन, तो मुकादमाचा. लखीला सांगतो म्हणाला आणि विसरला असणार.

त्या शनिवारी मुलींचा नाच चालू होता, सामंत खुर्च्यांवर बसून टाळ्या वाजवत होते, आणि फाटकात लखी उभी. अंगावर विटांची लाल धूळ, हातात प्लास्टिकची पिशवी. भट्टीवरून थेट आलेली.

मी फाटकाशी गेले. काय बोलले ते थोडं सांगते, थोडं मागाहून. म्हटलं, लखी, आज पाहुणे आलेत, तू मागच्या अंगणात जाऊन बस. ती गेली. मागं मोरी होती, सकाळच्या जेवणाची भांडी पडलेली. लखीला नुसतं बसवत नसे. तिनं पिशवी नळाला अडकवली, काथ्या घेतला — माझ्याच भावाच्या वाडीतल्या नारळाचा — आणि राखेनं टोप घासायला बसली.

नाच संपला तशी वनिता कुठं दिसेना. मला कळलं ती कुठं असेल ते. पण सामंतबाई माझ्याही पुढं. त्यांना सवयच होती, जातील तिथं आधी स्वयंपाकघर बघायचं. त्या मागच्या दारात उभ्या, त्यांच्यामागं मी. मोरीवर लखी उकिडवी बसलेली आणि तिच्या पाठीशी, तिच्या खांद्यावर हनुवटी टेकून वनिता. दोन चेहरे एकावर एक. आंधळ्यालाही कळलं असतं.

सामंतबाईंनी हसून विचारलं, "ह्या कोण?"

वनितानं माझ्याकडं बघितलं.

मी म्हटलं, "भांड्याला येते."

तेवढंच. वनिताची हनुवटी त्या खांद्यावरून उचलली गेली. हळूच, कुणाच्या लक्षात येऊ नये अशी. सामंतबाईंचं लक्ष पिशवीकडं गेलं. आतून गुलाबी फ्रॉक दिसत होता. बाई मुळातच मायाळू. म्हणाल्या, "अगंबाई, मुलगी आहे वाटतं तुम्हाला?"

"हाय," लखी म्हणाली.

"कुठं असते?"

"शालेत."

"बघा!" सामंतबाई माझ्याकडं वळल्या. "भांडी घासून मुलीला शिकवते. हे ऐकलं की बरं वाटतं हो."

लखी खाली मान घालून टोप घासत राहिली. तिच्या तोंडून एकही खोटा शब्द गेला नाही, हे तुमच्या लक्षात आलं का? मला ते फार नंतर लक्षात आलं.

गाडी गेल्यावर तिनं पिशवी काढली. फ्रॉक वनिताच्या खांद्यांतून खाली उतरेना. लखीनं तो भट्टीजवळच्या बाजारात घेतला होता, पोर दसऱ्याला जेवढी होती तेवढ्या मापाचा. मधल्या महिन्यांत आमच्याकडचा भात खाऊन पोर वाढलेली. भट्टीवरच्या सगळ्या आया हेच करतात. होळीला आमच्या अंगणात तोकड्या कपड्यांची रांग लागते, दरवर्षी. लखी हसली, पुढचे सगळे दात दाखवून. बगलेची शिवण दातानं उसवली, पोरीला तसाच घातला आणि घेऊन गेली. जाताना मला म्हणाली, "येतूं बाई." रागाचं नाव नाही. मी पुष्कळ बघितलं तिच्या तोंडाकडं, राग सापडतो का.

इथं थांबता आलं असतं. पुढच्या रविवारी मी केळव्याला जाऊन सामंतबाईंना म्हणू शकले असते, की अहो, चुकलं माझं, तिला आई आहे. काय झालं असतं? त्या बहुतेक म्हणाल्या असत्या, अहो मग आईला भेटवा ना. त्यांचा स्वभावच तसा. पण मी गेले नाही. भावाच्या ओटीवर माझी मान ताठ होती ना — आमची ताई म्हणजे देवमाणूस, असं तो प्रत्येक पाहुण्याला सांगायचा.

मग काय, अळीमिळी गुपचिळी. पुढं ते जोडपं कधीही यायला लागलं आणि लखी असली तर ती आपसूक मागं जाऊन मोरीवर बसायला लागली. मला सांगावं लागलं नाही. सातवी-आठवीत वनिताला एकदा सामंतसाहेबांनी विचारलं, ती बाई कुठली गं? पोरगी म्हणाली, "पाड्यावरची आहे, भांड्याला येते." अडखळली नाही. माझ्याकडं बघितलंही नाही. मी काय वाटून घेतलं असेल? मला हायसं वाटलं. पोर हुशार आहे, असं मनात आलं. आणि हेही सांगून टाकते — भांडी फुकट घासून मिळत होती. आमच्या भांडेवाल्या बाईला मी त्या दिवशी सुट्टी द्यायचे.

वनिता शिकली. बारावी झाली, नर्सिंगला गेली. सामंतांनी शब्द पाळला. पुस्तकं, कपडे, राहणं, कशाला म्हणून कमी पडू दिलं नाही. शेवटच्या वर्षी ती पालघरला माझ्या घरी आली. आमच्यासमोर ती तोवर अगदी शुद्ध बोलायची, टीव्हीवरच्या बातम्यांसारखी. शिक्षण संपल्याचा कार्यक्रम होता, मुली हातात दिवे घेऊन शपथ घेतात तो. घरचे दोघं बोलवायचे होते. ती माझ्या दारात उभी राहिली, चप्पल पायातच, आणि बोलता बोलता एकदम तिची लहानपणची बोली बाहेर आली.

"बाई, त्या दिवशी आयला आनू काय?"

सांगा, कुणाची परवानगी मागत होती ती? स्वतःची आई आणायला! आणि माझ्याकडं!

मी 'नको' म्हटलं नाही. म्हटलं असतं तर निदान ते माझ्या नावावर तरी राहिलं असतं. मी म्हटलं, "तुझं तू बघ बाई, आता मोठी झालीस. फक्त सामंतकाकूंना काय वाटेल, त्याचा विचार कर." ती म्हणाली, "बरं." चहा न घेता गेली. कार्यक्रमाला घरच्यांच्या दोन खुर्च्यांवर सामंत बसले. मी त्यांच्या मागच्या रांगेत. वनिताच्या हातातला दिवा हलत नव्हता.

तेव्हा तिचं शिक्षण होऊन गेलं होतं, हे ध्यानात घ्या. कुणी काही काढून घेण्यासारखं उरलं नव्हतं. तिच्या लहानपणी मी स्वतःला समजावायचे की हे पोरीसाठी. त्या दिवशी पोरीला कसला धोका होता? काही नाही. धोका मला होता. मला खोटारडी म्हटलं असतं लोकांनी, एवढाच.

आता फाटकावरचं राहिलेलं सांगते. टाळता येईल तेवढं टाळलं.

त्या शनिवारी मी लखीला फक्त 'मागं जाऊन बस' म्हटलं नव्हतं. ती पाऊल उचलायच्या आधी मी तिचा दंड धरला आणि म्हटलं, "या लोकांना सांगितलंय की वनिताला कोणी नाही. तू आई म्हणून दिसलीस ना, तर पोरीचं शिक्षण बंद होईल. कळलं?"

असं कुणी बोललं नव्हतं. कुणाच्या मनातही नव्हतं. ते मी तिथल्या तिथं बनवलं, कारण ती लवकर नजरेआड व्हायला हवी होती. लखीनं मान हलवली. शिक्षण म्हणजे काय, कशानं सुरू होतं, कशानं बंद होतं, हे तिला मीच सांगणार. दुसरं कुणाला विचारणार होती ती? तिनं ते वाक्य पदराला बांधलं. मी ते पुढं कधीच सोडवून घेतलं नाही.

गेल्या साली वनितानं बोईसरला घर घेतलं. दोन खोल्या, दुसरा मजला, खिडकीतून दूरवर कारखान्यांची धुराडी दिसतात. तिथल्याच एका रुग्णालयात ती बाळंतिणींच्या वॉर्डला असते. पाड्यावरच्या बायका तिचं नाव विचारत येतात. सत्यनारायण होता, मला बोलावलं. मी गेले तर समोरच्या खोलीत लखी खुर्चीवर बसलेली. हिरवं नवं लुगडं. केस पांढरे. मी तिला खुर्चीवर बसलेली कधीच पाहिली नव्हती. मला बघून हसली. दात काही उरले नव्हते.

"बसा ना बाई," ती म्हणाली. मी बसले. आम्ही दोघी शेजारीशेजारी. छान वाटत होतं, खरंच.

मग जिन्यातून आवाज आला. सामंतबाईंचा. केळव्याला उतरले होते, तिथून मुद्दाम आले. साहेबांच्या हातात काठी, एकेक पायरी.

लखी उठली. कुणी सांगितलं नाही तिला. पदर खोचला आणि आत गेली, आणि नळ सुटल्याचा आवाज आला. पोरगी शिकून नोकरीला लागली, तिच्या स्वतःच्या पगाराचं घर, तिच्या स्वतःच्या दारावर तिचं नाव — आणि आत तिची आई भांडी घासायला बसली, शिक्षण बंद होऊ नये म्हणून.

सामंतबाई आल्या, वनिताला जवळ घेतलं, आणि सवयीनं थेट स्वयंपाकघराच्या दारात. "अगं, ही तर आपली वसतिगृहातली बाई! हिला तू सांभाळलंस? किती गुणाची गं माझी पोर ती!"

वनिता म्हणाली, "हो काकू. इथंच असते ती आता."

आणि तिनं माझ्याकडं बघितलं. लहानपणी बघितलं होतं तसंच, पण तेव्हा काय बोलायचं ते तिला ठाऊक नव्हतं म्हणून बघितलं होतं. आता तिला ठाऊक होतं. ती बघत होती की मी बोलते का. तिनं बराच वेळ दिला मला. नळ चालू होता.

मी म्हटलं, "पाणी मिळेल का गं थोडं?"

पाणी लखीनंच आणलं. हात ओले होते, फुलपात्र चकचकीत घासलेलं. "घ्या, बाई," ती म्हणाली. मी प्यायले, आणि रिकामं फुलपात्र तिच्याच हातात परत दिलं.